तेलविहिरींच्या सेवेतील नगर

तेलविहिरीची मालकी असणारी कंपनी आणि ती विहीर प्रत्यक्ष खणणारी माणसे ही पुष्कळदा एकाच संस्थेतील नसतात. खनिज तेलाविषयी सर्वसामान्य वाचकाच्या मनात जे चित्र असते त्यात एक बलाढ्य कंपनी, एक उंच पोलादी मनोरा आणि त्यातून उसळणारे काळे तेल एवढेच असते. प्रत्यक्षात त्या मनोऱ्याभोवती अनेक निरनिराळे व्यवसाय वावरत असतात आणि त्यांच्यावाचून तेलाचा एक थेंबही वर येत नाही.

विहीर खणण्याचे काम बहुधा एखादा ठेकेदार आपल्या यंत्रांसह व माणसांसह करतो. खणताना भोकात सतत एक दाट चिखलद्रव सोडावा लागतो. तो पात्याला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि खालचा वायू एकाएकी उसळू नये म्हणून आपल्या वजनाने त्याला दाबून धरतो. हा चिखल नेमका किती दाट असावा हे ठरविणे आणि त्याप्रमाणे तो कालविणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आत पोलादी नळ उतरवितात. नळ आणि खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट दाबून भरणारे लोक वेगळे असतात. कोणत्या थरात तेल आहे आणि कोणत्या थरात नुसते पाणी, हे उपकरणे सोडून तपासणारे आणखी वेगळे. विहीर वाहू लागल्यावरही काम संपत नाही. आतली नळी गंजते, वाळूने तुंबते. ती उपसून काढावी लागते. पंप बिघडतात, झडपा फुटतात. शिवाय वाहतूक, जोडकाम, लेथवरची कामे, नळांची तपासणी, कामगारांचे जेवण हे सारे आहेच. या सर्व व्यवसायांना मिळून तेल आणि वायू क्षेत्रातील सेवाउद्योग असे म्हणतात.

तेल कंपनी ही कामे स्वतः का करीत नाही, असा प्रश्न येथे पडतो. सिमेंट भरणाऱ्या तुकडीचेच उदाहरण घ्यावे. एका विहिरीवर तिचे काम काही तासांचे असते. त्यानंतर त्याच विहिरीवर तिची गरज कित्येक दिवस किंवा आठवडे पडत नाही. एका विहिरीसाठी अशी तुकडी बाळगणे म्हणजे वर्षातून एकदा लागणाऱ्या लग्नमंडपासाठी कायमचा मांडववाला पदरी ठेवण्यासारखे आहे. पण आसपास तीस-चाळीस विहिरी असल्या की तीच तुकडी आज या, तर उद्या त्या विहिरीवर जाते आणि तिची यंत्रे क्वचितच रिकामी राहतात. सेवाउद्योग एका विहिरीवर जगत नाही, विहिरींच्या दाटीवर जगतो.

याला आणखी एक बाजू आहे. छिद्रणयंत्राचे भाडे दिवसावर मोजले जाते. एखादी झडप निकामी झाली आणि तिच्या जागी दुसरी यायला दोन दिवस लागले, तर त्या झडपेच्या किमतीच्या कितीतरी पट भाडे वाया जाते. म्हणून सेवा देणारा विहिरीपासून दोन तासांवर आहे की दोन दिवसांवर, याला त्याच्या दरापेक्षाही अधिक महत्त्व येते. तेलक्षेत्राजवळचे एखादे लहान गाव या उद्योगांना आपल्याकडे बोलावू पाहते, तेव्हा त्याच्या हातातले पहिले भांडवल म्हणजे हे अंतर होय. ते भांडवल कसे फळाला येते आणि कसे बुडते, हे पाहायचे तर दक्षिण अमेरिकेतील माराकाइबो सरोवराच्या पूर्व किनाऱ्याकडे वळले पाहिजे.

व्हेनेझुएलाच्या वायव्य भागात, सुलिया प्रांतात, सुमारे तेरा हजार चौरस किलोमीटर विस्ताराचे हे जलाशय आहे. उत्तरेकडे ते एका चिंचोळ्या सामुद्रधुनीने समुद्राला मिळते आणि तेथून खारे पाणी आत शिरते. त्यामुळे याला सरोवर म्हणावे की उपसागर, याविषयी भूगोलज्ञांत मतभेद आहेत. काठच्या लोकांना मात्र ते सरोवरच वाटते. १४९९ मध्ये आलोन्सो दे ओहेदा हा स्पॅनिश दर्यावर्दी या किनाऱ्यावर आला, तेव्हा त्याला पाण्यात खांब रोवून त्यांवर बांधलेली घरे दिसली. त्या दृश्यावरून त्याच्या सोबत्यांना व्हेनिस आठवले आणि ‘छोटे व्हेनिस’ या अर्थाने देशाला व्हेनेझुएला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. काठाला आपोआप झिरपणारे डांबरासारखे तेल तेथील रहिवाशांना पूर्वीपासून माहीत होते. त्याला ते ‘मेने’ म्हणत.

पूर्व किनाऱ्याच्या दक्षिण भागातील मेने ग्रान्दे येथे १९१४ च्या जुलैमध्ये पहिली व्यापारी विहीर लागली. पण जगाचे लक्ष या प्रदेशाकडे वेधले गेले ते आठ वर्षांनी. १४ डिसेंबर १९२२ रोजी काबिमास या कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या गावाजवळ बारोसो क्रमांक दोनची विहीर एकाएकी फुटली. दिवसाला सुमारे एक लाख बॅरल या वेगाने तेल आकाशात उडू लागले आणि नऊ दिवस ते कोणालाही थांबविता आले नाही. घरांची छपरे, झाडे, अंगणे काळी झाली. शेवटी वाळू व दगड कोसळून विहीर आपली आपणच बुजली. त्यानंतर परदेशी कंपन्यांची रीघ लागली. १९२० चे दशक संपण्यापूर्वीच व्हेनेझुएला तेलाच्या निर्यातीत जगात पहिला आणि उत्पादनात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांखालोखाल दुसरा झाला. त्या वेळी तेथे हुआन व्हिसेंते गोमेझ या हुकूमशहाची सत्ता होती आणि जमिनीखालचे तेल काढण्याचे पट्टे तो आपल्या मर्जीतील लोकांना देई. ते लोक हे पट्टे कंपन्यांना विकत.

तेलाचे थर किनाऱ्यापाशी थांबत नव्हते, ते सरोवराच्या तळाखाली पसरले होते. त्यामुळे विहिरी पाण्यात उभ्या करणे भाग पडले. प्रथम लाकडी खुंट ठोकून त्यांवर मनोरे उभारण्यात आले. परंतु या निमखाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा, कृमीसारखा दिसणारा एक मृदुकाय प्राणी राहतो. तो काही महिन्यांतच खुंटांची चाळण करून टाकी. अखेरीस १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोखंडी सळया घातलेले काँक्रीटचे स्तंभ वापरात आले. ते काठावर ओतायचे, तराफ्यांवर लादून न्यायचे आणि तरंगत्या यंत्राने तळात ठोकायचे. एका किड्यामुळे किनाऱ्यावर स्तंभ ओतण्याच्या आवारांची, तराफ्यांची, ओढबोटींची आणि त्यांच्या दुरुस्तीची गरज निर्माण झाली. जमिनीवरच्या तेलक्षेत्रात ट्रक जे काम करतो ते येथे बोटीला करावे लागले. नळ, सिमेंट, चिखल, पिण्याचे पाणी, माणसे, सारे काही धक्क्यावरून जाणार होते. पुढे किनाऱ्यावरच्या गावांचे नशीब धक्क्याच्या सोयीवर ठरले त्याचे मूळ येथे आहे.

सेवाउद्योगाच्या इतिहासातील एक महत्त्वाची घटना याच किनाऱ्यावर घडली. कॉनराड आणि मार्सेल श्लुंबर्जे या फ्रेंच बंधूंनी विहिरीत विजेची उपकरणे सोडून निरनिराळ्या थरांचा विद्युत् रोध मोजण्याची पद्धत शोधली होती. तिचा पहिला प्रयोग १९२७ मध्ये फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे झाला. खडकाच्या छिद्रांत खारे पाणी असेल तर वीज सहज वाहते. तेल असेल तर तिला अडथळा होतो. एवढ्या साध्या तत्त्वावर जमिनीखालचे चित्र कागदावर उमटू लागले. अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे मार्च १९२९ मध्ये, काबिमासजवळच्या ला रोसा क्षेत्रातील एका विहिरीत ही पद्धत वापरण्यात आली. त्या काळी व्हेनेझुएलात या विद्येचे एकही विद्यालय नव्हते, उपकरणे बनविणारा एकही कारखाना नव्हता. तरीही हे तज्ज्ञ अटलांटिक महासागर ओलांडून तेथे आले, कारण विहिरींची दाटी तेथे होती. कोणत्याही गावाने त्यांना निमंत्रण दिलेले नव्हते.

गावांची स्थिती त्या वेळी दयनीय होती. कंपन्यांनी आपल्या अधिकाऱ्यांसाठी व काही कामगारांसाठी कुंपण घातलेल्या वसाहती उभारल्या. तेथे स्वच्छ पाणी, दवाखाना, शाळा, दुकान असे सर्व होते. कुंपणाबाहेर मात्र काम शोधायला आलेल्या माणसांची गर्दी पत्र्याच्या व फळ्यांच्या खोपट्यांतून राहत होती. लागुनियास येथील वस्ती तर जुन्या पद्धतीप्रमाणे पाण्यावरच, खांबांवर उभी होती. फरक एवढाच की आता खालच्या पाण्यावर तेलाचा तवंग असे. सुरुवातीच्या काळात कंपन्यांच्या बोटी स्वतःच्या, दुरुस्तीचे कारखाने स्वतःचे, सुतारही स्वतःचे. स्वतंत्र कारागिराला या कुंपणाच्या आत जागा नव्हती आणि बाहेर पाय ठेवण्यासारखी कोरडी जमीन नव्हती. किनाऱ्यावरील बरीचशी जमीन पट्ट्यांच्या ताब्यात होती. एखाद्याला लेथ बसवायचे म्हटले तरी, ज्या कंपनीकडून काम मिळायचे तिच्याच मेहेरबानीने जागा मागावी लागली असती.

१९३५ च्या डिसेंबरात गोमेझ मरण पावला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस तेलकामगारांनी मोठा संप केला. त्यांच्या मागण्यांत मजुरीबरोबर राहणीमानाचाही प्रश्न होता. संप चालू असतानाच, १९ जानेवारी १९३७ रोजी, नवे अध्यक्ष एलेआझार लोपेझ कोन्त्रेरास यांनी लागुनियासच्या उत्तरेला काही किलोमीटरवर एक नवे नगर वसविण्याचा हुकूम काढला. आलोन्सो दे ओहेदाच्या स्मरणार्थ त्याला सिउदाद ओहेदा, म्हणजे ओहेदानगर, असे नाव देण्यात आले. मधल्या चौकातून किरणांसारखे रस्ते निघतात असा त्याचा आराखडा होता. तथापि नकाशावरचे नगर आणि माणसांनी भरलेले नगर यांत अंतर असते. लोक पाण्यावरची वस्ती सोडून तेथे जायला फारसे तयार नव्हते. मग १३ नोव्हेंबर १९३९ च्या रात्री लागुनियासच्या त्या लाकडी वस्तीला आग लागली. वर लाकूड आणि खाली तेलाचा तवंग; पळायला वाट उरली नाही. वस्ती भस्मसात झाली, अनेक माणसे जिवास मुकली. वाचलेल्यांपैकी बरेच जण ओहेदानगरात येऊन राहिले. नव्या नगराची खरी सुरुवात या आगीपासून झाली असे म्हणावे लागेल.

या नगरापाशी तेलविहीर आपल्या मालकीची नव्हती, बँका नव्हत्या, विद्यापीठ नव्हते. मग सेवाउद्योग तेथे का आले? पहिले कारण म्हणजे जवळचा किनारा. लास मोरोचास या लगतच्या भागात धक्के बांधता येत होते आणि तेथून सरोवरातील बहुतेक मोठी क्षेत्रे बोटीने गाठता येत होती. उत्तरेला तिया हुआना व काबिमास, दक्षिणेला लागुनियास व बाचाकेरो. नगर मधोमध पडले. परंतु मधोमध असलेली गावे आणखीही होती. ओहेदानगराचे वेगळेपण असे की ते कोणत्याही कंपनीच्या कुंपणात नव्हते. सरकारने आखलेले भूखंड येथे सामान्य माणसाला मिळत. एकीकडे घर, मागच्या अंगणात लेथ आणि जोडकामाचे यंत्र, पुढे एक ट्रक, अशा थाटात व्यवसाय सुरू करता येत होता. आणि आज एका कंपनीचे काम केले म्हणून उद्या दुसरीचे करायला कोणाची आडकाठी नव्हती. उद्योगांना आकर्षित करण्यासाठी करमाफी, जाहिराती, सत्कार असे नाना उपाय गावे योजतात. गिऱ्हाइकाच्या मालकीची नसलेली जागा ही त्या सर्वांहून मोलाची गोष्ट आहे, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून, विशेषतः इटलीतून, पुष्कळ लोक व्हेनेझुएलात आले. त्यांतील गवंडी, लोहार, यंत्रकारागीर अशा मंडळींची मोठी वसाहत ओहेदानगरात झाली आणि नगरातील अनेक ठेकेदारी व्यवसाय त्यांनी उभारले. याच सुमारास कंपन्यांच्या धोरणातही पालट होत होता. १९४६ मध्ये तेलकामगारांचा पहिला सामूहिक करार झाला आणि कायम कामगाराला घर, औषधोपचार, रजा असे अनेक हक्क मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण त्यामुळे कायम नोकर ठेवण्यापेक्षा ठेकेदाराकडून काम करून घेणे कंपन्यांना स्वस्त पडू लागले. ओहेदानगराच्या भरभराटीचा एक भाग या फरकावर उभा होता, ही गोष्ट लपवून ठेवण्याचे कारण नाही. ठेकेदाराचा वेल्डर त्याच विहिरीवर तेच काम करी, पण कुंपणाच्या आतील दवाखाना त्याचा नव्हता.

आश्चर्य वाटेल, परंतु तेलक्षेत्र म्हातारे होते तसतसे सेवेचे काम वाढते. तरुण विहिरीतून तेल आपल्या दाबाने वर येते. तिला फारशी माणसे लागत नाहीत. दाब ओसरला की वायू आत दाबून तेल उचलावे लागते, वाळू काढावी लागते, नळ्या बदलाव्या लागतात. १९५० च्या दशकात सरोवराच्या पाण्यातच मोठी वायुसंपीडन केंद्रे उभी राहिली. पूर्वी जाळून टाकला जाणारा वायू त्यांच्याद्वारे पुन्हा जमिनीत दाबण्यात येऊ लागला. या केंद्रांची देखभाल करायला यंत्रज्ञ हवे होते आणि तळाशी जाळ्यासारख्या पसरलेल्या नळांच्या दुरुस्तीला पाणबुडे हवे होते. दोन्ही ओहेदानगराच्या परिसरात तयार झाले.

वाफेची गोष्ट तर विशेष सांगण्यासारखी आहे. या किनाऱ्यावरील बरेचसे तेल काकवीसारखे घट्ट आहे. १९५९ मध्ये मेने ग्रान्दे येथे शेल कंपनी जमिनीत वाफ सोडून तेल दुसऱ्या विहिरीकडे ढकलता येते का, हे पाहत होती. वाफेच्या दाबाने जमीनच फुटू लागली, तेव्हा दाब कमी करण्यासाठी वाफ सोडण्याच्या विहिरींची तोंडे उघडण्यात आली. पाहतात तो त्याच विहिरींतून पातळ झालेले तेल भरभरून वाहू लागले. काही दिवस वाफ सोडायची, काही दिवस विहीर बंद ठेवायची आणि मग त्याच तोंडाने तेल काढायचे, ही जगभर रूढ झालेली पद्धत अशा रीतीने एका फसलेल्या प्रयोगातून निघाली. तिया हुआना परिसरात ती मोठ्या प्रमाणावर वापरात आली. तिच्यासाठी बाष्पित्रे लागली, ती बसविणारे व दुरुस्त करणारे लागले, उष्णतेने फुटणारे नळ बदलणारे लागले. म्हणजे ओहेदानगराला आणखी काम मिळाले.

त्याच वेळी त्या कामाने किनाऱ्याची जमीन मात्र खाली जात होती. येथील तेल फार खोल नसलेल्या, भुसभुशीत वाळूच्या थरांत आहे. तेल काढून घेतले की वरच्या ओझ्याने हे थर दबतात. दबताना आणखी तेल बाहेर पिळले जाते, हा उत्पादकाचा फायदा. पण थर दबले की वरची जमीनही खचते. लागुनियास, तिया हुआना आणि बाचाकेरो या पट्ट्यांत काही ठिकाणी ती गेल्या शतकात पाच मीटरांच्या आसपास खचली. सरोवराची पातळी मात्र जेथल्या तेथे राहिली. त्यामुळे १९३० च्या दशकापासूनच किनाऱ्याला बांध घालावे लागले आणि जमीन खाली जाईल तसतसे ते उंच करावे लागले. या बांधांची एकूण लांबी पुढे चाळीस किलोमीटरांहून अधिक झाली. बांधाच्या आतील वस्त्या, रस्ते व कारखाने सरोवराच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. तेथे पडलेला पाऊस आपण होऊन सरोवरात जाऊ शकत नाही. तो पंपांनी उचलून टाकावा लागतो. हा प्रदेश भूकंपाचाही आहे. एखाद्या धक्क्याने बांधाखालची माती द्रवासारखी वाहू लागली तर काय होईल, याचा अभियंत्यांनी पुष्कळ विचार केला, बांध मजबूत केले आणि खालच्या वस्त्यांतील कुटुंबांना अन्यत्र हलविण्याच्या योजनाही आखल्या गेल्या.

सरोवराच्या पलीकडच्या काठावर माराकाइबो हे जुने, मोठे शहर आहे. बँका, रुग्णालये, विद्यापीठ सारे तेथे. १९५६ मध्ये सरोवराच्या मुखाशी असलेला वाळूचा उथळ पट्टा खोदून खोल जलमार्ग करण्यात आला. तोपर्यंत कमी खोलीची तेलवाहू जहाजेच आत येऊ शकत आणि ती कच्चे तेल कुरासाव व अरूबा या बेटांवरील शुद्धीकरण कारखान्यांकडे नेत. १९६२ मध्ये सामुद्रधुनीवर सुमारे पावणेनऊ किलोमीटर लांबीचा पूल झाला. बोटीने सरोवर ओलांडण्याची गरज उरली नाही, तेव्हा सेवाउद्योगांची मुख्य कार्यालये मोठ्या शहरात जातील आणि पूर्व किनाऱ्यावरची गावे ओस पडतील, अशी शंका येणे स्वाभाविक होते. काही कार्यालये गेलीही. पण कार्यालय हलविता येते, धक्का नाही. बोटी, तराफे, नळांचे ढीग आणि लेथ ओहेदानगरापाशीच राहिले.

भारतीय वाचकाला या ठिकाणी आसाममधील शिवसागरची आठवण होईल. तेथील विस्तीर्ण तलाव अहोम राणी अंबिका हिने १७३४ मध्ये खणविला आणि त्याच्याच नावाने नगर ओळखले जाते. या परिसरात तेल व नैसर्गिक वायू आयोगाला १९६० मध्ये रुद्रसागर येथे तेल सापडले. पुढे लाकवा व गेलेकी ही क्षेत्रे लागली आणि जवळच्या नाझिरा येथे आयोगाचे मोठे ठाणे झाले. मात्र आपल्या देशात आरंभी सोव्हिएत व रुमानियन तज्ज्ञांच्या मदतीने आयोगाने छिद्रण, सिमेंट भरणे, विद्युत् मापन ही कामे बव्हंशी स्वतःच्याच माणसांकडून करविली. नोकरी कायमची, वसाहत चांगली, पण तंत्र मात्र आयोगाच्या फाटकाच्या आत. ओहेदानगरात कामगारांना सुरक्षितता कमी होती, पण गावात शेकडो हातांना यंत्रविद्या आली. या दोहोंत कोणते बरे, याचे उत्तर कोणाच्या बाजूने पाहावे यावर अवलंबून आहे.

नगरपालिकेच्या दृष्टीने सेवाउद्योगाचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. व्हेनेझुएलात तेलावरील कर आणि स्वामित्वशुल्क हे केंद्रीय सत्तेचे उत्पन्न आहे. ज्या गावाच्या खालून तेल निघते त्याच्या नगरपालिकेला तेल कंपनीवर कर बसविता येत नाही. उद्योग आणि व्यापार यांच्या परवान्यावरील कर मात्र ती घेऊ शकते आणि तो भरत असत ठेकेदार. रस्त्यावरचा दिवा तेलाच्या पैशाने पेटत असला तरी तो पैसा लेथवाल्याच्या हातून येत होता.

१ जानेवारी १९७६ रोजी व्हेनेझुएलाने आपला तेलउद्योग राष्ट्रीय मालकीचा केला. हा निर्णय देशात बहुमान्य होता आणि ओहेदानगरालाही त्याचा लगेच धक्का बसला नाही. कारण नव्या राष्ट्रीय कंपनीखाली जुन्या परदेशी कंपन्यांच्या जागी निरनिराळ्या उपकंपन्या ठेवण्यात आल्या होत्या आणि त्या काही प्रमाणात एकमेकींशी चढाओढ करीत. एकीने बिल अडविले तर दुसरीचे काम चालू असे. १९९० च्या दशकात जुनी क्षेत्रे चालविण्यासाठी परदेशी कंपन्यांना पुन्हा बोलावण्यात आले आणि गिऱ्हाइकांची संख्या आणखी वाढली. परंतु त्याच दशकाच्या अखेरीस उपकंपन्या मोडून एकच कंपनी करण्यात आली. २००२ च्या डिसेंबरात त्या कंपनीत मोठा संप झाला आणि नंतर अठरा हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांत अनुभवी अभियंते फार होते. परदेशी कंपन्यांचे करारही पुढे अशा भागीदारीत बदलण्यात आले की बहुमत सरकारी कंपनीकडे राहावे. पूर्वी ओहेदानगराच्या कारागिराला तीन-चार दारे ठोठावता येत असत. आता एकच दार उरले.

२००८ च्या जुलैत कच्चे तेल बॅरलला जवळजवळ १४७ डॉलरांवर गेले होते. डिसेंबरात ते चाळीसच्या खाली आले. राष्ट्रीय कंपनीने ठेकेदारांची देणी थकविली आणि दर कमी करण्याचा आग्रह धरला. बोटवाल्यांना इंधन आणि पगार रोख द्यावे लागत होते. काहींनी काम थांबविण्याची भाषा सुरू केली. मे २००९ मध्ये एक कायदा मंजूर झाला. पाणी, वाफ व वायू जमिनीत दाबणे, वायुसंपीडन आणि सरोवरातील बोटी, ओढबोटी, क्रेनचे तराफे, पाणबुड्यांचे काम, धक्के व दुरुस्तीचे कारखाने हे सर्व त्यान्वये शासनासाठी राखून ठेवण्यात आले. कायदा प्रसिद्ध झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी माराकाइबो सरोवरातील सुमारे साठ व्यवसायांचा ताबा घेण्यात आला. त्यांत तीनशेच्या आसपास बोटी होत्या. सुमारे आठ हजार कामगारांना राष्ट्रीय कंपनीत सामावून घेण्याची घोषणा झाली. ठेकेदारीतील असमानतेने गांजलेल्या पुष्कळ कामगारांनी तिचे मनापासून स्वागत केले, हेही नमूद केले पाहिजे. कायम नोकरी हे त्यांचे जुने स्वप्न होते.

भरपाई मालमत्तेच्या वहीतील किमतीप्रमाणे आणि रोख्यांच्या रूपानेही देण्याची तरतूद कायद्यात होती. जुनी बोट वहीत जवळजवळ शून्य किमतीची असते. पण रोज पहाटे चाळीस माणसांना विहिरीवर पोहोचविणारी बोट शून्य किमतीची नसते. टाइडवॉटर या अमेरिकी नौकंपनीच्या अकरा बोटी सरोवरात जप्त झाल्या होत्या. ती जागतिक बँकेच्या लवादाकडे गेली. २०१५ मध्ये लवादाने तिच्या व्हेनेझुएलातील व्यवसायाबद्दल सुमारे ४.६ कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. पुढच्या वर्षी त्या रकमेत कपात झाली. मोठ्या परदेशी कंपनीला हा मार्ग मोकळा होता. वडिलांनी अंगणात सुरू केलेल्या कारखान्यातून दोन बोटींपर्यंत पोहोचलेल्या स्थानिक ठेकेदाराला असा लवाद कोठला?

बोटी ताब्यात घेता येतात, पण सुटा भाग कोणाकडे मिळतो, कोणत्या इंजिनाची कोणती खोड आहे, हे ज्ञान जप्त करता येत नाही. पुढील दशकात सरोवरातील उत्पादन घसरत गेले. २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेने राष्ट्रीय तेल कंपनीवर निर्बंध घातले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देशभर वीज गेली तेव्हा सुलिया प्रांताचे फार हाल झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशाचे उत्पादन दिवसाला तीस लाख बॅरलांच्या वर होते. २०२० च्या मध्यास ते पाच लाखांच्या खाली गेले. देश सोडून गेलेल्या लाखो लोकांत सरोवरकाठचे वेल्डर, पाणबुडे आणि छिद्रणयंत्रावरचे कामगारही होते.

बांधाच्या आतली खचलेली जमीन तेलाचे उत्पादन घटले म्हणून पुन्हा वर येत नाही. लागुनियासच्या वस्तीत पाऊस पडला की साचलेले पाणी पूर्वीप्रमाणेच उचलून बांधापलीकडे टाकावे लागते. त्यासाठी पंप चालू हवेत, पंपांना वीज हवी आणि पंप बिघडला तर तो दुरुस्त करणारा कारागीर जवळपास हवा.